चिठ्ठीत निघालेलं काम

मी संकलक आहे. मालिका, माहितीपट, अधूनमधून एखादा चित्रपट, असं काम करून पोट भरते. श्रेयनामावलीत 'संकलन' या शब्दाखाली माझं नाव येतं तेव्हा ते एकटंच येतं. पण हे काम मी निवडलं नव्हतं. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, त्यात ते माझ्या वाट्याला आलं. आज मला जे काही येतं त्यातलं बरंचसं त्या चिठ्ठ्यांनी माझ्याशी बांधून दिलेल्या तिघांचं आहे. आमच्या सरांचं आणि उपकरणांच्या खोलीतल्या मामांचं आहे. हे लिहून ठेवायचं बरीच वर्षं मनात होतं.

मी कराडची. पालच्या यात्रेत तंबूत सिनेमा पाहिलेला, पुढे थिएटरात आणि टीव्हीवर. सिनेमा म्हणजे नट, गाणी आणि गोष्ट. दिग्दर्शक नावाचा कोणीतरी असतो हे वर्तमानपत्रातून कळलं होतं आणि आपणही तेच व्हायचं असं ठरवून टाकलं होतं. सिनेमा सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याच क्रमाने चित्रित होत असणार, अशी माझी समजूत होती. संकलक नेमकं काय करतो हे कोणी विचारलं असतं तर "लांबलेलं कापतो" इतकंच सांगता आलं असतं. एवढ्या भांडवलावर २००३ साली मी पुण्याला एका महाविद्यालयाच्या माध्यम अभ्यासक्रमात दाखल झाले.

सरांनी आयुष्याची उमेदीची वर्षं फिल्मवर काम करण्यात घालवली होती. स्टीनबेक यंत्रावर रीळ पुढेमागे फिरवायचं, ग्रीस पेन्सिलीने खूण करायची, तिथे कापायचं आणि सेलोटेपसारख्या चिकटपट्टीने जोड द्यायचा, अशा रीतीने ते शिकलेले. आमच्या हातात तेव्हा नुकता आलेला सोनीचा पीडी-१५० कॅमेरा आणि मिनी डीव्हीच्या काड्यापेटीएवढ्या टेपा. सरांना त्याचं अप्रूप होतं आणि थोडी धास्तीही. टेप स्वस्त, म्हणून मुलं विचार न करता कॅमेरा चालू ठेवतील असं ते म्हणत. ते खरंही होतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गाचे चार-चार जणांचे गट पाडले. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशा चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात टाकल्या. गुण चौघांना सारखेच मिळणार हेही तेव्हाच सांगून टाकलं. माझी चिठ्ठी उघडली आणि माझा चेहरा पडला. आमच्या गटात दिग्दर्शन आलं नाशिकच्या मुलीकडे, कॅमेरा सोलापूरच्या मुलाकडे, आवाज लातूरच्या मुलाकडे. वर्गात सगळ्यांना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत पडली होती. "ए लातूर, माइक खाली येतोय." "कराड, वेळ लिहिलीस का?" आजही आम्ही एकमेकांना तीच हाक मारतो, म्हणून इथेही तीच नावं ठेवते.

पहिला अभ्यास मूकपटाचा होता. संवाद नाही, संगीत नाही. एक माणूस जिना चढून येतो, दार ठोठावतो, दुसरा दार उघडतो, दोघं समोरासमोर बसतात. तीन मिनिटं. याला 'कंटिन्युइटी'चा अभ्यास म्हणतात. आम्हाला तो पोरखेळ वाटला. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, लांबच्या ओळखीच्या आजींच्या घरी आम्ही तो एका दिवसात उरकला. संध्याकाळी चौघंही खूश होतो.

संगणकाच्या खोलीत माझी पाळी रात्रीची होती. सगळ्या गटांना मिळून एकच यंत्र. एका तासाच्या टेपला साधारण १३ जीबी जागा लागायची आणि यंत्राची एकूण जागाच तुटपुंजी, त्यामुळे आपलं काम झालं की पुसून दुसऱ्याला जागा करून द्यावी लागे. टेपवरचं चित्र संगणकात घ्यायलाही टेपेइतकाच वेळ. त्या रात्री पहिल्यांदा आमचं काम तुकड्यांनी माझ्यासमोर आलं.

जिन्यात पिशवी नटाच्या उजव्या खांद्यावर होती, दाराशी डाव्या. दार ठोठावायला हात वर गेला की नाशिक "कट" म्हणून मोकळी झाली होती, आणि जवळून घेतलेल्या शॉटमध्ये हात आधीच दारावर टेकलेला होता. मधली हालचाल कुठेच नव्हती. हालचालीवर कापलं तर जोड डोळ्याला जाणवत नाही, कारण डोळा हात कुठे जातोय त्याच्या मागे असतो. पण त्यासाठी तीच हालचाल दोन्ही शॉटांमध्ये पूर्ण हवी. आमच्याकडे एकात तिची सुरुवात होती आणि दुसऱ्यात शेवट. त्यातून काही शॉटांच्या आरंभीचे सेकंद संगणक घेईचना. घेतलेला शॉट मागे नेऊन पाहायचा आणि पुन्हा जागेवर न आणता पुढचं चित्रण सुरू करायचं, असं आम्ही दिवसभर केलं होतं. मध्ये कोरी टेप राहून टाइमकोड पुन्हा शून्यापासून सुरू झालेला. शेवटी दोघं समोरासमोर बसतात तो प्रसंग. एकाला खिडकीकडून टिपलेलं, दुसऱ्याला त्यांच्यामधली काल्पनिक रेषा ओलांडून पलीकडून. पडद्यावर दोघंही उजवीकडेच बघत होते. एकमेकांशी बोलणारी दोन माणसं न दिसता बसथांब्यावर रांगेत बसलेली दोन माणसं दिसत होती.

सकाळी मी तिघांना बोलावून दाखवलं. दिग्दर्शकाने शॉट नीट घेतले नाहीत, कॅमेरावाल्याने रेषा ओलांडली, असं म्हणायची मला घाई झाली होती. सोलापूरने शांतपणे विचारलं, "पिशवीचं कोण बघत होतं?" कोणीच बघत नव्हतं. नोंदवही माझ्या हातात होती आणि तिच्यात फक्त शॉटचे क्रमांक होते. संकलकाचं काम चित्रण संपल्यावर सुरू होतं असं मी धरून चालले होते. ते वाड्याच्या जिन्यात सुरू झालं होतं. आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. त्यांनी पुन्हा चहा केला. या वेळी मी वहीत खांदा, हात, नजर, दाराची फट, खिडकीतलं ऊन, सगळं लिहिलं आणि प्रत्येक शॉटच्या आधी-नंतर पाच सेकंद टेप चालू ठेवायला नाशिकला भाग पाडलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. सहायक म्हणून मुंबईत पहिलं काम मिळालं ते अशा नोंदी ठेवता येतात म्हणूनच. मुलाखत घेणाऱ्याला माझ्या सौंदर्यदृष्टीत काही रस नव्हता.

सरांनी पुढे एक अभ्यास दिला, तो मी आता कार्यशाळांमधून मुलांकडून करून घेते. एकाच चित्रणाच्या प्रती सगळ्या गटांना वाटल्या. टपरीवर बसलेला एक माणूस, चहाचा ग्लास, येणारी एसटी, उतरणारे प्रवासी, घड्याळ, रिकामं बाकडं. त्याची गोष्ट जुळवायची. आमच्या गटाचा माणूस कोणाची तरी वाट पाहणारा झाला. दुसऱ्या एका गटात तोच चेहरा, तोच शॉट, आणि तो पाकीटमार निघाला. वर्ग हसला. मग सरांनी कुलेशोव्हची गोष्ट सांगितली. रशियात क्रांतीनंतरच्या काळात त्याने नटाचा एकच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या ताटलीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखवला, आणि लोकांना त्याच चेहऱ्यावर भूक दिसली, दुःख दिसलं. मला ते पुस्तकातून कळलं असतं तर परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं. शेजारच्या बाकावरच्या गटाने आपल्या माणसाला चोर केलेलं पाहिलं म्हणून ते कायमचं कळलं. दिग्दर्शक व्हायची माझी हौस त्या दिवसापासून हळूहळू ओसरली. त्याचं श्रेयही त्या दुसऱ्या गटाकडे जातं.

लातूरबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं.

आवाजाची चिठ्ठी कोणालाच नको असायची. कॅमेरा सगळ्यांना हवा, दिग्दर्शन हवं. बूमची काठी डोक्यावर धरून उभं राहणं, कानाला हेडफोन लावून घामाघूम होणं, आणि वर माइकची सावली भिंतीवर पडली म्हणून सगळ्यांचं ऐकून घेणं, हे कोणाला हवं असेल? लातूरने ते मुकाट्याने घेतलं, पुढच्या अभ्यासांतही आपणहून घेतलं. घरात शिरला की तो आधी कानोसा घ्यायचा. पंखा बंद, पाण्याची मोटर बंद, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या किती राहिल्यात याची चौकशी. आजींचा फ्रीज बंद केला की आपल्या खोलीची किल्ली तो फ्रीजमध्ये ठेवायचा. पहिल्यांदा आम्हाला ते वेड वाटलं. आजींनीही विचारलं, "अरे, किल्ली गार करून काय मिळतंय तुला?" तो म्हणाला, "आजी, फ्रीज चालू करायचा राहिला तर तुमचं दूध नासेल. किल्ली घेतल्याशिवाय मला माझ्या खोलीत जाता येत नाही." ही युक्ती या धंद्यात सर्रास चालते हे मला नंतर मुंबईत कळलं. त्याला कोणी शिकवली होती कोण जाणे.

आणि प्रत्येक जागेवरून निघताना तो एक मिनिट सगळ्यांना गप्प उभं करायचा. कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही, पिशवीची चेन लावायची नाही. त्या रिकाम्या खोलीचा आवाज तो मुद्रित करायचा. दिवसभराच्या श्रमानंतर ते एक मिनिट जड जायचं. मी तर एकदा म्हटलंही, "काहीच नाही त्याचं रेकॉर्डिंग कशाला?" तो हसला, बाकी काही बोलला नाही.

संवादाचा अभ्यास कापायला घेतला तेव्हा मला उत्तर मिळालं. दोन वाक्यांमधली नटाची अडखळ काढून टाकली की तिथे चित्र जुळायचं, पण आवाजात खड्डा पडायचा. नुसती शांतता नव्हे. कान बंद झाल्यासारखं काहीतरी. प्रेक्षकाला ते काय आहे ते सांगता येत नाही, पण खटकतं. तिथे खोलीचा आवाज टाकला आणि खड्डा बुजला. मग मी लातूरने आणलेलं सगळंच नीट ऐकायला लागले. पुढच्या शॉटचा आवाज आधी सुरू केला तर चित्राचा जोड कसा हलका होतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर बोलणाऱ्याचं वाक्य पूर्ण होऊ दिलं तर वाक्याचं वजन कसं वाढतं. पीएएल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम; दोन फ्रेम मागे-पुढे झाल्याने काय होतं ते मला डोळ्याआधी कानाने कळायला लागलं. आजही अवघड जागी कापायचं असेल तर मी डोळे मिटून घेते.

त्याच सुमाराला उमेश कुलकर्णी यांची फिल्म इन्स्टिट्यूटमधली पदविका फिल्म 'गिरणी' पाहायला मिळाली. घरात पिठाची गिरणी येते आणि तिच्या आवाजाने एका मुलाचं जगणं कसं व्यापून जातं, त्याची गोष्ट. बाहेर आल्यावर आम्ही तिघं गोष्टीवर बोलत होतो. लातूर म्हणाला, गिरणी बंद असते तेव्हाही ती ऐकू येते की नाही, सांगा. लॉ कॉलेज रस्त्यावरून चालताना त्याने आणखी एक सांगितलं. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून फिल्म इन्स्टिट्यूटच्या याच जागेत आली. तिथलं ध्वनिमुद्रण विष्णुपंत दामले सांभाळायचे, आणि तेच फत्तेलालांच्या जोडीने 'संत तुकाराम'चे (१९३६) दिग्दर्शक. "म्हणजे आवाजवाला," असं तो दोनदा म्हणाला. चिठ्ठीत नको ते काम निघालं म्हणून मी अजून आतून कुरकुरत होते; त्याने त्याच्या कामासाठी घराणं शोधून ठेवलं होतं.

सोलापूरचं वेगळंच. त्याला उजेडाशिवाय काही दिसत नसे. महाविद्यालयाकडे ८०० वॅटचे तीन रेडहेड दिवे होते. एका घरी त्याने तिन्ही एकाच खोलीतल्या एकाच बोर्डावर लावले आणि फ्यूज गेला. वरच्या मजल्यावरचे काका मॅच बघत होते. पुढचं सांगायला नको. त्यानंतर दिवे लावायच्या आधी तो स्वयंपाकघरातली १५ अँपिअरची जोडणी शोधायचा आणि मीटरची पेटी कुठे आहे ते विचारून घ्यायचा. सरांनी एकदा सुब्रत मित्रांबद्दल सांगितलं. 'पथेर पांचाली'चं चित्रण सुरू झालं तेव्हा मित्र एकवीस-बावीस वर्षांचे, चित्रपटाचा कॅमेरा त्यापूर्वी हाताळलेला नाही. पुढे 'अपराजितो'मध्ये (१९५६) काशीच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं, तेव्हा खऱ्या अंगणात वरून झिरपतो तसा सावल्या न पाडणारा उजेड मिळावा म्हणून त्यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा प्रकाश त्याच्यावर पाडून खाली घेतला. दुसऱ्या दिवशी सोलापूर कुठूनसे थर्माकोलचे मोठे पत्रे घेऊन आला. दिवा माणसावर रोखायचा नाही, थर्माकोलवर रोखायचा. तो पत्रा तासन् तास धरायचं काम बहुधा माझ्याकडे असे. हात भरून यायचे, पण नटाच्या गालावरची सावली मऊ होताना मी समोर उभी राहून पाहिली आहे. संगणकावर रंग जुळवताना कुठल्या शॉटमध्ये ऊन खरं आहे आणि कुठे परतवलेलं, ते मला ओळखता येतं ते त्यामुळेच.

आता मामा. उपकरणांच्या खोलीचे ते प्रमुख, मदतनीस आणि पहारेकरी, सगळं एकटेच. पहिल्या दिवशी आम्ही सामान परत केलं तेव्हा त्यांनी माइकची केबल हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि आमच्याच हातात परत दिली. आम्ही ती कोपर आणि तळव्याभोवती गुंडाळली होती, दोरी गुंडाळतात तशी. "अशी गुंडाळली की आतली तार पिळते. उद्या दुसऱ्या गटाला खरखर येईल, तेव्हा ते तुम्हाला नाही, मला बोलतील." मग त्यांनी एक वेटोळं सरळ, एक उलटं, असं करून दाखवलं. फेकली की केबल गाठ न पडता सरळ उलगडली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते, आम्हाला भूक लागली होती, आणि मामांनी चौघांकडूनही ती केबल गुंडाळून घेतल्याशिवाय सोडलं नाही. भिंगावर टोपण, कॅमेऱ्यातून टेप काढलेली, बॅटरी चार्जिंगला, दिवे गार झाल्याशिवाय हलवायचे नाहीत. सरांच्या व्याख्यानांच्या माझ्याकडे वह्या आहेत. मामांचं काही मी लिहून घेतलं नाही, तरी त्यातलं काही विसरले नाही. नंतर मोठ्या सेटवर लाइटवाले दादा, स्पॉटदादा माझ्याशी आपुलकीने वागले, त्याचं एक कारण मला वाटतं हेच की केबल पडलेली दिसली की मी ती उचलून नीट गुंडाळून ठेवते. तो हात मामांचा.

गटात सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. पैशांवरून वाजायचं. कॉन्ट्री काढायची तर कोणाची मनीऑर्डर आलेली नसे. पोहे, वडापाव आणि चहा यांचा हिशेब नाशिक ठेवायची आणि तिला वाटायचं की मुलगी म्हणून हे आपल्या गळ्यात पडलंय. ते बऱ्याच अंशी खरं होतं. एकदा ती वर्गातच बोलली. सरांनी तिला गप्प केलं नाही. त्यांनी सरस्वतीबाई फाळक्यांचं सांगितलं. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादरच्या घरात कोऱ्या फिल्मला भोकं पाडणाऱ्या, ती धुणाऱ्या आणि वर सगळ्या युनिटला जेवू घालणाऱ्या बाई. त्या काळात त्यांच्या नावाची पाटी कोणी लावली नाही. सर म्हणाले, हे तुम्ही आदर्श म्हणून ऐकू नका, थकबाकी म्हणून ऐका. पुढच्या अभ्यासापासून जेवणाचं काम आळीपाळीने झालं आणि शेवटच्या पाट्यांमध्ये आजींचं नावही गेलं. सोलापूरने एकदा सगळ्यांसाठी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी आणली होती, तीही हिशेबात लिहा म्हणून नाशिक हटून बसली.

शेवटच्या वर्षी आम्ही पहाटे पेपर टाकणाऱ्या एका काकांवर माहितीपट केला. या वेळी चिठ्ठ्या नव्हत्या. कोणी कुठलं काम करायचं ते आपसात ठरवायची मुभा होती. तरी आम्ही होतो तसेच राहिलो. दिग्दर्शन मागायचा मला हक्क होता. मागावंसं वाटलं नाही.

त्यात एक शॉट होता. हिवाळ्यातली पहाट, लकडी पुलावर धुकं, काकांची सायकल पुढे आणि कॅमेरा तिच्या मागून संथ सरकत जाणारा. सरकता शॉट घ्यायला आमच्याकडे ट्रॉली नव्हती. सोलापूर स्कूटरवर कॅमेरा घेऊन बसला, इंजिन बंद, कारण आवाज आणि हादरे दोन्ही नकोत. नाशिकने हँडल धरलं आणि मी आणि लातूरने मागून स्कूटर ढकलली. थंडीतसुद्धा घाम फुटला होता. पुन्हा पुन्हा करावं लागलं. शेवटी तो मिळाला तेव्हा काकांनीच आम्हाला चहा पाजला. जवळजवळ अर्ध्या मिनिटाचा, नितांत सुंदर शॉट. आमच्या सगळ्यांच्या मनात फिल्मची सुरुवात तीच होती.

कापताना मात्र तो बसेना. काकांच्या हातांचे जवळून घेतलेले शॉट होते. अंगठ्याने पेपर उघडायचा, पुरवणी आत सरकवायची, घडी, पुढचा. त्याला एक लय होती आणि त्या लयीत तो माणूस कळत होता. पूल आला की पुण्याची पहाट दिसायची, धुकं दिसायचं, आम्ही किती हुशार आहोत ते दिसायचं, आणि काका दिसेनासे व्हायचे. मी तो शॉट सुरुवातीला लावून पाहिला, मध्ये लावला, शेवटी लावला, छोटा केला. नाशिकला सांगायचं धाडस मला होईना. तिची कल्पना, आणि आमच्या चौघांचा घाम. ती दोन रात्री माझ्याशेजारी बसली. तिसऱ्या दिवशी पूर्ण पाहून झाल्यावर ती म्हणाली, "पूल काढ." मी म्हटलं, थोडा ठेवू का? "नको. काढ. आपल्याला आवडतो म्हणून तो आहे." मी काढला. सोलापूर दोन दिवस आमच्याशी बोलला नाही, मग प्रदर्शनाच्या दिवशी मागच्या रांगेतून त्यानेच पहिली टाळी वाजवली.

संकलकाने चित्रणाला जाऊ नये असं म्हणणारे या धंद्यात पुष्कळ आहेत. शॉटमागचे कष्ट पाहिले की तो काढताना हात अडतो, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. माझं मत जरा वेगळं आहे. पडद्यावर कष्ट दिसत नाहीत, फक्त शॉट दिसतो, हे मला स्कूटर ढकलल्यामुळेच पक्कं कळलं. आणि एखादा शॉट काढताना त्यासाठी कोणी काय केलं असेल याची मला जाणीव असते, म्हणून मी तो काढण्यापूर्वी एकदा दिग्दर्शकाला, जमलं तर कॅमेरामनला फोन करते. मालिकेच्या वेळापत्रकात एवढी सवड कधी असते, कधी नसते. काही जण वैतागतात.

मुंबईतली सुरुवातीची वर्षं रात्रपाळीची होती. गोरेगावातल्या एका खोलीत मालिकेचे भाग उद्याच्या प्रक्षेपणासाठी तयार करायचे. एकदा रात्री एका प्रसंगात आवाजाचे खड्डेच खड्डे होते आणि चित्रण करणाऱ्यांनी खोलीचा आवाज घेतलेला नव्हता. मी लातूरला फोन लावला. रात्रीचे दोन वाजलेले. तो झोपेतून उठला, ऐकलं आणि म्हणाला, "नट बोलायच्या आधी श्वास घेतात ना, त्याच्या आधीचे चार-पाच फ्रेम शोध. तेवढा तुकडा जोडत जा." तसं केलं. भाग वेळेत गेला. त्यात त्याचं नाव कुठे असणार?

लातूर आता आपल्या गावी ध्वनिक्षेपकांचा व्यवसाय करतो. सभा, कीर्तनं, लग्नं. सोलापूर लग्नांचं चित्रण करतो, आणि त्याने काढलेल्या लग्नांत नवरीच्या चेहऱ्यावर कधी कडक सावली नसते, हे मी पाहून सांगते. नाशिक शाळेत शिकवते. सुट्टीत मुलांचे चारचारचे गट करून फोनवर फिल्म करायला लावते, चिठ्ठ्या टाकून. मामा निवृत्त होऊन गावी गेले. सर आता नाहीत. चौघांत सिनेमाच्या धंद्यात टिकले ती मी एकटी, आणि चौघांत सर्वांत हुशार मी नव्हते, हे बाकीच्या तिघांना माहीत आहे. ते कधी बोलून दाखवत नाहीत.

एक विनंती करून थांबते. आमच्या सगळ्या अभ्यासांच्या आणि पेपरवाल्या काकांच्या फिल्मच्या मिनी डीव्ही टेपा माझ्याकडे आहेत. संगणकावरच्या प्रती तेव्हाच पुसल्या गेल्या, आणि प्रदर्शनासाठी केलेली सीडी केव्हाच चालेनाशी झाली. मुंबईच्या दमट हवेत टेपांना बुरशी धरायला लागली आहे. त्या वाचणारं यंत्र आता नवं मिळत नाही. जुनी दोन मिळाली, दोन्हींनी टेप गिळायला सुरुवात केली म्हणून थांबले. वाचकांपैकी कोणाकडे चालू स्थितीतला मिनी डीव्ही डेक किंवा कॅमेरा असेल, तर या अंकाच्या संपादकांमार्फत कळवावं. मी स्वतः टेपा घेऊन येईन. तिघांना एकेक प्रत द्यायची आहे, आणि पुलाचा तो शॉट सोलापूरला वेगळा काढून द्यायचा आहे.